निजामशाही कलेच्या अभ्यासाची साधने आणि ग्रामीण महाविद्यालयाचे ग्रंथालय : एक चिकित्सा

सारांश

अहमदनगरच्या निजामशाहीने सोळाव्या शतकात दख्खनी चित्रकला व वास्तुकला यांत मोलाची भर घातली. या कलेविषयीचे अभ्याससाहित्य विविध भाषांत आणि विविध देशांत विखुरलेले आहे. राहाता येथील एखाद्या महाविद्यालयात काम करणाऱ्या प्राध्यापकास वा विद्यार्थ्यास हे साहित्य ग्रंथालयाच्या मार्फत कितपत गाठता येते आणि गाठल्यानंतर त्याची पारख कशी करावी, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे. साधनांचा अभाव हे नेहमी दिले जाणारे कारण अपुरे असून साधनांच्या क्रमाचा व चिकित्सेचा अभाव हीच खरी उणीव आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : निजामशाही, दख्खनी चित्रकला, गॅझेटियर, तारीफ-ए-हुसेनशाही, ग्रंथालय, साधनचिकित्सा.

प्रस्तावना

कलेचा इतिहास हा इतिहासाच्या इतर शाखांपेक्षा एका बाबतीत वेगळा आहे. राजकीय इतिहासाच्या अभ्यासकाला तहनाम्याची नक्कल पुरते. कलेच्या अभ्यासकाला मात्र मूळ वस्तू किंवा तिचे विश्वसनीय छायाचित्र पाहावेच लागते. रंग, रेषा, दगडावरील काम यांचे वर्णन कितीही बारकाईने केले तरी ते प्रत्यक्ष दर्शनाची जागा घेऊ शकत नाही. त्यामुळे या विषयाची ग्रंथसंपदा सचित्र, मोठ्या आकाराची आणि म्हणूनच महाग असते. मर्यादित अनुदानावर चालणाऱ्या ग्रामीण महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ती सहसा आढळत नाही, यात आश्चर्य नाही.

राहात्याच्या बाबतीत मात्र एक विसंगती लक्षात येते. ज्या शहराच्या नावाने ही कलाशैली जगभर ओळखली जाते, ते शहर येथून सुमारे 80 किलोमीटरवर आहे. 1494 मध्ये मलिक अहमदने वसविलेल्या आणि 2024 मध्ये अहिल्यानगर असे नामांतर झालेल्या या शहरात फराहबाग, दमडी मशीद, बाग रौजा या वास्तू आजही उभ्या आहेत. शैलीतील सर्वांत महत्त्वाचे सचित्र हस्तलिखित सुमारे 200 किलोमीटरवर, पुण्यात आहे. म्हणजे वस्तू जवळ आहेत. त्यांविषयीचे ज्ञान मात्र दूरच्या संग्रहालयांत व ग्रंथालयांत साठलेले आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांतून सादर होणाऱ्या शोधनिबंधांत या वास्तूंविषयी जे लिहिले जाते, त्याची प्रत बहुतांशी या अंतरावरून ठरते.

गॅझेटियरची सत्ता

जिल्ह्याच्या इतिहासावर लिहिणाऱ्याचा पहिला आधार म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अहमदनगरविषयीचा सतरावा खंड होय. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली तो 1884 मध्ये प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र शासनाने त्याची सुधारित आवृत्ती 1976 मध्ये काढली. हे दोन्ही ग्रंथ आंतरजालावर विनामूल्य वाचता येतात. ही सोय झाल्यापासून त्यांचा उपयोग वाढला. पण त्यांच्या चिकित्सेत मात्र त्या प्रमाणात वाढ झाली नाही.

गॅझेटियर हा कारभाराच्या गरजेतून निर्माण झालेला ग्रंथ आहे. जमीन, पीक, जाती, महसूल, बाजार यांची माहिती अधिकाऱ्यांना एका ठिकाणी मिळावी हा त्याचा हेतू. त्यातील प्रेक्षणीय स्थळांचे प्रकरण या हेतूला पूरक म्हणून आलेले आहे. वास्तू कोठे आहे, तिची लांबी-रुंदी किती, तिचा सध्या काय उपयोग होतो, हे तो ग्रंथ सांगतो. एकोणिसाव्या शतकातील वास्तूची अवस्था नोंदविणारे साधन म्हणून त्याचे मोल मोठे आहे. परंतु शैली, आश्रयदाते, कारागीर, इराणशी वा विजयनगरशी असलेले कलासंबंध हे त्याचे प्रश्नच नव्हते. दख्खनी चित्रकला ही अभ्यासाची स्वतंत्र शाखा तर त्यानंतर कित्येक दशकांनी आकाराला आली. तेव्हा 1884 च्या ग्रंथाला निजामशाही कलेविषयीचे प्रमाण मानणे म्हणजे ज्या साक्षीदाराला प्रश्नच विचारला गेला नाही, त्याचे उत्तर ग्राह्य धरण्यासारखे आहे.

येथे दोष गॅझेटियरचा नसून ते वापरण्याच्या पद्धतीचा आहे. सुलभ साधन हेच अंतिम साधन मानण्याची सवय एकदा लागली की पुढील साधनांचा शोध थांबतो.

दोन दरबार, दोन तवारिखा

गॅझेटियरच्या मागे जाऊ पाहणाऱ्या अभ्यासकाला दोन फार्सी तवारिखांकडे वळावे लागते. पहिली फरिश्त्याची. तिचे जॉन ब्रिग्ज यांनी केलेले इंग्रजी भाषांतर 1829 मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरी सय्यद अली तबातबाची 'बुर्हान-ए-मआसिर'. तिच्यातील निजामशाहीविषयक भागाचे वुल्झली हेग यांनी केलेले इंग्रजी भाषांतर 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात 1920 पासून क्रमशः आले. दोन्ही भाषांतरांचे स्वामित्वहक्क संपलेले असल्याने ती आंतरजालावरील सार्वजनिक संग्रहांत मिळतात. राहात्यातील अभ्यासकासाठी यांत एक पैचाही खर्च नाही.

या दोन लेखकांची भूमिका मात्र सारखी नाही. फरिश्त्याचे पूर्वायुष्य अहमदनगरात गेले. पण ग्रंथ त्याने विजापूरला, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने लिहिला. तबातबा हा दुसऱ्या बुर्हान निजामशहाच्या दरबारी लिहीत होता. एक प्रतिस्पर्धी दरबाराचा आश्रित, तर दुसरा घरच्या दरबाराचा. बाग कोणी लावली, महाल कोणाच्या देखरेखीखाली उभा राहिला, अमुक मंत्र्याचा उत्कर्ष कशामुळे झाला, या बाबतीत दोघांचे सांगणे ताडून पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते. ब्रिग्ज यांचे भाषांतरही अनेक ठिकाणी मुक्त आहे, हे विसरता येत नाही. राजकीय घटनाक्रमासाठी राधेश्याम यांचा 1966 चा अहमदनगरच्या राज्यावरील इंग्रजी ग्रंथ उपयुक्त आहे. वास्तूचा काळ ठरविताना त्याची मदत होते. वास्तूचे कलादृष्ट्या विवेचन मात्र त्यातून अपेक्षिणे योग्य नव्हे.

एका हस्तलिखिताचे महत्त्व

निजामशाही चित्रकलेचा पाया ज्यावर उभा आहे ते हस्तलिखित म्हणजे 'तारीफ-ए-हुसेनशाही' होय. आफताबी या कवीने रचलेले हे फार्सी काव्य पहिल्या हुसेन निजामशहाच्या गौरवार्थ आहे. त्याचा काळ 1565 ते 1569 असा मानला जातो. 1565 च्या तालिकोटच्या लढाईचा विषय त्यात येतो आणि त्याच वर्षी हुसेनशहाचा मृत्यूही झाला. हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रही आहे. 1910 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने 1987 मध्ये ग. त्र्यं. कुलकर्णी व म. श्री. माटे यांनी संपादित केलेली, मूळ संहिता व इंग्रजी भाषांतर असलेली आवृत्ती प्रसिद्ध केली.

या हस्तलिखितातील उपलब्ध 12 चित्रांत कलेच्या अभ्यासकाला दोन गोष्टी विशेष जाणवतात. पहिली, स्त्रीच्या स्पर्शाने वृक्ष फुलण्याचा दोहदाचा भारतीय संकेत एका फार्सी काव्याच्या चित्रात अवतरलेला आहे. दुसरी, हुसेनशहाची राणी खुंजा हुमायून हिच्या आकृती चित्रांतून नंतर पुसून टाकण्यात आल्या आहेत. हुसेनशहानंतर राणीने अल्पवयीन मुलाच्या नावे कारभार पाहिला आणि 1569 मध्ये त्याच मुलाने, मुर्तजा निजामशहाने, तिला कैद केले. राजकारणातील पराभवाची खूण चित्राच्या पृष्ठभागावर उरली. ही गोष्ट तवारिखेत वाचून कळत नाही, ती चित्र पाहूनच कळते. कलेचा इतिहास राजकीय इतिहासाला काय देऊ शकतो, याचे याहून बोलके उदाहरण जिल्ह्याच्या बाहेर शोधण्याची गरज नाही.

आणि तरीही स्थानिक शोधनिबंधांत या हस्तलिखिताचा उल्लेख अपवादानेच होतो. महाराष्ट्रात, मराठी माणसांनी संपादित केलेले आणि महाराष्ट्रातील संस्थेने प्रकाशित केलेले साधन दृष्टीआड होते, याला परदेशी प्रकाशनांच्या किमतीचे कारण देता येणार नाही.

चित्रकलेवरील ग्रंथपरंपरा

दख्खनी चित्रकलेवरील लेखनाची एक परंपरा आहे आणि ती क्रमाने वाचणे आवश्यक आहे. स्टेला क्रामरिश यांचा दख्खनमधील चित्रकलेचे सर्वेक्षण करणारा ग्रंथ 1937 चा, डग्लस बॅरेट यांचे छोटेखानी पुस्तक 1958 चे, तर मार्क झेब्रोव्स्की यांचा 'डेक्कनी पेंटिंग' हा ग्रंथ 1983 चा. जॉर्ज मिशेल व झेब्रोव्स्की यांनी मिळून लिहिलेला दख्खनी सलतनतींच्या वास्तुकला व कलेवरील खंड 1999 मध्ये केंब्रिजच्या भारताच्या इतिहासमालेत आला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाने 2015 मध्ये दख्खनी सुलतानांच्या कलेचे मोठे प्रदर्शन भरविले. नवीना नजत हैदर व मारिका सरदार यांनी सिद्ध केलेला त्याचा सूचिग्रंथ या विषयाची अलीकडची अवस्था दाखवितो.

या परंपरेचे मोठे वैशिष्ट्य म्हणजे तिच्यातील मतभेद. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या काही रागमाला चित्रांना कोणी अहमदनगरची म्हणतो, कोणी विजापूरची, तर कोणी केवळ 'उत्तर दख्खन' एवढेच म्हणून थांबतो. याचे कारण असे की 1600 मध्ये मुघलांनी अहमदनगर घेतल्यावर चित्रे विखुरली, चित्रकारही इतर दरबारी गेले असावेत आणि पुष्कळ चित्रांवर स्थळ व काळ यांची नोंदच नाही. अशा स्थितीत एकच पुस्तक हाताशी असणारा अभ्यासक त्या पुस्तकातील तर्काला वस्तुस्थिती समजून चालतो. दोन पुस्तके वाचली की तोच तर्क तर्क म्हणून दिसू लागतो. ग्रंथालयाने किती पुस्तके घेतली यापेक्षा परस्परविरोधी मते मांडणारी किमान दोन पुस्तके घेतली की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

चित्रांच्या बेफिकीर वापराचे एक उदाहरण येथे देणे उचित होईल. चांदबीबीवरील लेखांत व भित्तिपत्रकांत ससाणा हातावर घेतलेल्या घोडेस्वार स्त्रीचे चित्र वारंवार छापले जाते आणि ते तिचे समकालीन चित्र असल्याचा समज होतो. चांदबीबीने 1595 मध्ये मुघलांविरुद्ध अहमदनगरचा किल्ला लढविला आणि 1600 मध्ये किल्ला पडण्यापूर्वी तिची हत्या झाली. मेट्रोपोलिटन संग्रहालयातील या प्रकारचे चित्र मात्र 1700 च्या सुमाराचे आहे. म्हणजे ते तिच्या चेहऱ्याचा पुरावा नसून शंभर वर्षांनंतरही तिची आठवण कशी जिवंत होती, याचा पुरावा आहे. पुरावा म्हणून ते कमी मोलाचे ठरत नाही. तो वेगळ्या प्रश्नाचा पुरावा ठरतो. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरील नोंद उघडून पाहिली असती तर ही चूक टळली असती.

वास्तू आणि त्यांची नावे

अहिल्यानगरच्या पूर्वेस डोंगरावर उभी असलेली अष्टकोनी, तीन मजली वास्तू सर्वत्र 'चांदबीबीचा महाल' या नावाने परिचित आहे. वस्तुतः ती मुर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. लोकमानसात रूढ झालेले नाव हे लोकस्मृतीचे साधन म्हणून अवश्य नोंदवावे. परंतु शोधनिबंधात ते वास्तूच्या निर्मात्याविषयीचे विधान म्हणून येते तेव्हा इतिहासाची हानी होते. 1583 च्या सुमारास पूर्ण झालेल्या फराहबागेच्या उभारणीशीही याच सलाबतखानाचे नाव जोडलेले आहे. कबरीचे नाव बदलल्याने एका महत्त्वाच्या आश्रयदात्याचा माग पुसला जातो.

निजामशाही वास्तुकलेवर स्वतंत्र असा अलीकडचा ग्रंथ पुष्कर सोहोनी यांचा असून तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. 2010 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी सादर केलेला प्रबंधही याच विषयावर होता. निजामशाही वास्तुकलेकडे बहमनी वा मुघल शैलीची दुय्यम शाखा म्हणून न पाहता दरबारी व्यवहार व सत्तेची मांडणी यांच्या संदर्भात पाहण्याची दृष्टी या लेखनातून मिळते. हा ग्रंथ ग्रामीण महाविद्यालयाला महाग वाटणे स्वाभाविक आहे. परंतु इतिहास विभागाने वर्षातून एक ग्रंथ जरी विचारपूर्वक सुचवायचा ठरविला, तरी जिल्ह्यावरील असा ग्रंथ त्या यादीत पहिला असावयास हवा.

ग्रंथालयातील वाटा

आता प्रश्न येतो तो मार्गाचा. दशांश वर्गीकरणाच्या पद्धतीत एकाच विषयाची पुस्तके वेगवेगळ्या कपाटांत जातात. भारतीय कलेचा इतिहास 709.54 येथे, चित्रकला 759.954 येथे, वास्तुकला 720.954 येथे, तर महाराष्ट्राचा राजकीय इतिहास 954.792 येथे. कलेच्या कपाटात काही सापडले नाही म्हणून परत फिरणाऱ्या विद्यार्थ्याला इतिहासाच्या कपाटातील उपयुक्त पुस्तक दिसत नाही. ग्रंथपालाशी पाच मिनिटे बोलल्यास ही अडचण दूर होते. पण संशोधन करणारा प्राध्यापक ग्रंथपालाकडे पुस्तक मागण्यापलीकडे जात नाही, असाच सर्वसाधारण अनुभव आहे.

संगणकीय तालिकेत शोध घेताना नावाच्या लेखनाचा प्रश्न उद्भवतो. रोमन लिपीत 'अहमदनगर' हे नाव दोन प्रकारे लिहिले जाते. मधला स्वर गॅझेटियरमध्ये व बहुतेक विद्वत्तापूर्ण ग्रंथांत 'ए' या अक्षराने, तर रोजच्या व्यवहारात 'ई' या अक्षराने दर्शविला जातो. 'दख्खन' या शब्दाचीही रोमन रूपे एकाहून अधिक आहेत. आता त्यात अहिल्यानगर या नव्या नावाची भर पडली आहे. यांपैकी एकाच रूपाने शोध घेतल्यास निम्मे साहित्य हाती लागत नाही आणि अभ्यासक 'या विषयावर फारसे लेखन झालेले नाही' असे विधान करून मोकळा होतो. हे विधान अनेक शोधनिबंधांच्या पहिल्याच परिच्छेदात आढळते. ते विषयाविषयी काही सांगत नाही, शोधाच्या पद्धतीविषयी मात्र पुष्कळ सांगते.

ग्रंथालयाबाहेरच्या साधनांसाठी काही सोयी उपलब्ध आहेत. अनुदानित महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट योजना 2010 मध्ये सुरू झाली आणि तिच्याद्वारे इंग्रजी नियतकालिके व ई-पुस्तके वाचता येतात. शोधगंगेवर भारतीय विद्यापीठांचे प्रबंध मिळतात. जेस्टोरवर वैयक्तिक नोंदणी केल्यास महिन्याला 100 लेखांपर्यंत विनामूल्य वाचता येतात. 2025 च्या आरंभी 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना कार्यान्वित झाली. परंतु तिचा पहिला टप्पा केंद्र वा राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. ग्रामीण महाराष्ट्रातील बहुसंख्य महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्थांनी चालविलेली आहेत. त्यामुळे ज्यांना या योजनेची सर्वाधिक गरज, ते बहुतांशी उंबरठ्याबाहेर उभे आहेत. या त्रुटीकडे धोरणकर्त्यांचे लक्ष वेधणे आवश्यक आहे.

ई-साधनांची आणखी एक मर्यादा आहे. शोधगंगेवर प्रामुख्याने पीएच.डी.चे प्रबंध आहेत. एम.फिल.चे प्रबंधलेखन, ज्यात स्थानिक वास्तू, मूर्ती, वाडे यांच्या नोंदी मोठ्या प्रमाणावर झाल्या, विद्यापीठाच्या व विभागांच्या कपाटांत पडून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद झाली. तिच्याबरोबर हे लेखनही विस्मृतीत जाण्याचा धोका आहे. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या प्राध्यापकांच्या अशा लेखनाची एक प्रत ग्रंथालयात ठेवून तिची तालिकेत नोंद केली, तर विनाखर्च एक मोठा साठा उपलब्ध होईल.

मान्यतेचा मोह

साधनांच्या निवडीवर आणखी एक दडपण असते. 2019 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केअर यादीतील नियतकालिक म्हणजे चांगले नियतकालिक, असे समीकरण रूढ झाले. ही यादी 2025 मध्ये बंद करण्यात आली, परंतु मनातील समीकरण अजून बंद झालेले नाही. भारत इतिहास संशोधक मंडळाची प्रकाशने, ग. ह. खरे यांनी संपादित केलेले 'दक्षिणेच्या मध्ययुगीन इतिहासाची साधने'चे खंड किंवा त्यांचाच 1939 चा 'मूर्तिविज्ञान' हा ग्रंथ यांना कोणत्याही यादीची मुद्रा नाही. तरीही त्यांतील मूळ साधनांशी असलेली निष्ठा आजच्या अनेक मान्यताप्राप्त निबंधांना लाजविणारी आहे. याचा अर्थ प्रत्येक जुने मराठी लेखन प्रमाण मानावे असा नव्हे. लेखकाने मूळ वस्तू वा दस्तऐवज पाहिला आहे काय, पाहिला असल्यास तसे स्पष्ट सांगितले आहे काय आणि विरोधी मताची दखल घेतली आहे काय, हे तीन प्रश्न मराठी व इंग्रजी, जुन्या व नव्या अशा सर्वच लेखनाला सारख्याच कठोरपणे विचारले पाहिजेत.

निष्कर्ष

राहाता येथील ग्रंथालयात निजामशाही कलेवरील सर्व साहित्य असू शकत नाही आणि तशी अपेक्षाही गैर आहे. रंगीत चित्रांचे मोठे ग्रंथ पाहण्यासाठी पुण्यास जावे लागेल. हस्तलिखित पाहण्यासाठी परवानगी मागावी लागेल. परंतु जे विनामूल्य उपलब्ध आहे, जे थोड्या खर्चात मिळू शकते आणि जे केवळ विचारल्याने सापडते, त्याचा पुरता उपयोग झाल्याशिवाय 'साधने नाहीत' ही तक्रार मान्य करता येत नाही. गॅझेटियरपासून आरंभ करावा, तवारिखांशी ते ताडावे, आधुनिक ग्रंथांतील मतभेद समजून घ्यावेत आणि शेवटी वास्तूसमोर जाऊन उभे राहावे, असा हा क्रम आहे.

या क्रमातील शेवटची पायरी परदेशी अभ्यासकाला सर्वांत अवघड, तर राहात्यातील अभ्यासकाला सर्वांत सोपी आहे. ऋतुमानानुसार वास्तूत होणारे बदल, पडझड, नव्याने दिलेला चुना, परिसरातील लोकांनी दिलेली नावे यांची नोंद वर्षानुवर्षे घेत राहणे जवळ राहणाऱ्यालाच शक्य असते. ग्रंथालयातून मिळालेल्या साधनांची शिस्त या सान्निध्याला लाभली, तर जिल्ह्यातील महाविद्यालय दुसऱ्यांच्या निष्कर्षांची पुनरुक्ती करणारे न राहता ते तपासणारे होईल. अन्यथा सलाबतखानाची कबर पुढील पिढीच्या शोधनिबंधांतही चांदबीबीचा महालच राहील आणि त्याला पुरावा म्हणून मागील पिढीच्या शोधनिबंधांचाच हवाला दिला जाईल.